वेगळी चूल कधी मांडावी?

कुणाकडे हळदीकुंकवाला गेले की एक प्रश्न ठरलेला असतो. “तुम्ही कारखान्यात नक्की काय करता हो?” मी म्हणते, “सर्व्हर सांभाळते.” मग समोरची बाई नुसती मान हलवते आणि तिळगुळाची वाटी पुढे करते. तिचेही बरोबरच आहे. सर्व्हर म्हणजे काही शोकेसमध्ये मांडायची वस्तू नव्हे. थंड खोलीत, कुलपाआड, रात्रंदिवस घूं घूं करत असलेले ते एक काळे कपाट. पण त्या कपाटात कारखान्याचा सगळा संसार असतो. कच्चा माल किती आला, तयार माल किती गेला, कुणाकडून किती येणे आहे, आणि साडेपाचशे माणसांचा पगार.

डाळींना कीड लागू नये म्हणून काय करावे, पापडात खार किती घालावा, असे सगळे आपण अशा पानांवर वाचतो. तिथे सर्व्हरचे काय काम, असे तुम्हांला वाटेल. पण या यंत्रापायी मला जो निर्णय तीनदा घ्यावा लागला, तो आपल्यापैकी बहुतेकींच्या उंबऱ्याशी कधी ना कधी येऊन उभा राहिलेला असतो. एकत्र राहायचे की चूल वेगळी मांडायची? आणि मांडायची तर नेमकी कधी?

आमचा कारखाना नाशिकला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत. मोटारींचे सुटे भाग तिथे तयार होतात. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे आयबीएमचे एएस/४०० हे यंत्र होते. १९८८ साली ते बाजारात आले. पुढे २००० साली त्याचे नाव आयसिरीज झाले, २००६ साली सिस्टिम आय, आणि २००८ पासून यंत्राला पॉवर सिस्टिम्स व त्याच्या कार्यप्रणालीला आयबीएम आय म्हणू लागले. सासरी नाव बदलले तरी माहेरची माणसे जुन्याच नावाने हाक मारतात ना, तसे आम्ही जुनी मंडळी अजूनही “एएस फोर हंड्रेड”च म्हणतो.

अशा यंत्राचे आतल्या आत भाग पाडता येतात. त्याला लॉजिकल पार्टिशन म्हणतात. करवतीने काही कापायचे नसते, मध्ये भिंतही दिसत नाही. कपाट एकच, वीज एकच. पण सगळ्यांत खाली हायपरव्हायजर नावाची एक व्यवस्था असते, ती घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी वाटणी सांभाळते. या भागाला प्रोसेसरचा इतका वाटा, इतकी मेमरी, इतक्या डिस्क. त्या भागाला तितक्या. प्रत्येक भागाची कार्यप्रणाली स्वतंत्र, किल्ल्या स्वतंत्र. एकाच्या डब्यात काय आहे ते दुसऱ्याला दिसत नाही, आणि एक भाग बंद करून पुन्हा चालू केला तरी शेजारचा आपले काम करत राहतो.

मोठमोठ्या मेनफ्रेमवर ही सोय १९८८ सालीच आली होती. आमच्या जातीच्या यंत्रावर ती १९९९ साली आली. पण तेव्हा एका भागाला निदान एक अख्खा प्रोसेसर द्यावा लागे. वेगळे व्हायचे तर आधी अख्खी खोली मोकळी करा, असा प्रकार. त्यामुळे माणसे दहादा विचार करीत. २००१ पासून प्रोसेसरचा एखादा हिस्सा देऊनही काम भागू लागले. आता तर विसाव्या हिश्शावरही एक भाग उभा राहतो. आणि मोह सुरू झाला तो इथेच. वेगळे व्हायला जागा लागत नाही म्हटल्यावर जो तो वेगळा व्हायला बघतो!

आता मुख्य गोष्टीकडे येते.

२०१७ सालचा फेब्रुवारी. आमच्याकडे पगार ७ तारखेच्या आत व्हावाच लागतो. कायदाच तसा आहे. ६ तारखेला संध्याकाळी पगाराचे काम नेहमीप्रमाणे यंत्राला लावले. एरवी ते दोन तासांत हातावेगळे होते, बँकेची फाइल रात्रीच रवाना होते. त्या दिवशी दहा वाजले तरी निम्मेसुद्धा झाले नव्हते. शोधता शोधता कळले, की बाहेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा तरुण मुलगा आमच्या चालू यंत्रावरच, पाच वर्षांच्या विक्रीची उलथापालथ करणारी भलीमोठी क्वेरी चालवत बसला होता. जीएसटीची तयारी म्हणून. त्याला कुणी सांगितले नव्हते आणि त्याने कुणाला विचारले नव्हते.

फाइल बँकेत पोचली ती दुसऱ्या दिवशी. पैसे खात्यांवर पडले ८ तारखेला दुपारी. एका दिवसाने काय बिघडते, असे केबिनमध्ये बसलेल्या माणसाला वाटू शकते. पण पॅकिंगमधली एक बाई मला गेटपाशी भेटली. तिच्या घराच्या कर्जाचा हप्ता दर ७ तारखेला खात्यातून कापला जाई. तो परत गेला होता आणि वर दंड बसला होता. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाई, मशीन बिघडलं होतं का?” मला काय उत्तर द्यावे ते कळेना. मशीन ठणठणीत होते. घरात माणसे बरी असतात आणि तरीही एखाद्याच्या पानात वेळेवर वाढले जात नाही, तसे झाले होते.

मालकांनी बोलावून घेतले. “बाई, उद्याच्या उद्या सगळं वेगळं करून टाका. पगार एकीकडे, विक्री एकीकडे. कुणाचा पाय कुणाच्या पायात नको.” ज्यांच्याकडून यंत्र घेतले होते, त्यांचा प्रस्तावही दोन दिवसांत टेबलावर आला. पाच भाग पाडा म्हणे. पगाराचा एक, उत्पादनाचा एक, विक्रीचा एक, रिपोर्टांचा एक आणि नव्या प्रोग्रॅमच्या चाचणीचा एक. यंत्र आमचे चार कोरचे, मेमरी ६४ जीबी. म्हणजे घर चार खोल्यांचे आणि संसार पाच!

मी म्हटले, “साहेब, मला एक महिना द्या.”

“महिन्यानं परत पगार आहे,” ते म्हणाले.

“तो वेळेवर होईल. जबाबदारी माझी.”

बोलून तर गेले, पण घरी येईपर्यंत पोटात गोळा आला होता. मार्चचा पगार हुकला असता तर पुढचे बोलणे मालकांनी माझ्याशी केलेच नसते.

तरी महिना का मागितला, ते सांगते. आमच्या पंचवटीतल्या घरात असाच प्रसंग येऊन गेला होता. जाऊबाईंचे आणि माझे एकदा चांगलेच वाजले. निमित्त काय, तर उरलेल्या भाकऱ्या! दोघींनीही एकाच दमात “आता चूल वेगळी” म्हणून जाहीर केले. सासूबाई ओट्याशी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भांडणाच्या दिवशी चूल मांडू नये. महिनाभर थांबा. तोवर भांडण विसरलात, तर वेगळं व्हायला कारण नव्हतं. नाही विसरलात, तर बघू. आणि एवढं ध्यानात ठेवा पोरींनो, चूल वेगळी झाली की मीठसुद्धा दोनदा आणावं लागतं.”

महिन्याने आम्हांला भाकऱ्या आठवतही नव्हत्या. चूल वेगळी झाली ती चार वर्षांनी, कुणाशी न भांडता. दिरांची कायमची रात्रपाळी लागली. त्यांचे जेवण आमच्या झोपेच्या वेळी आणि आमचा कुकर त्यांच्या झोपेच्या वेळी. एका स्वयंपाकघरात दोन घड्याळे चालेनात, म्हणून वेगळे झालो. दिवाळीचा फराळ आजही एकत्र होतो.

तर यंत्रासाठीही मी शंभर पानी वही घातली, दुधाच्या हिशेबाला घालतो तशी. दर दोन तासांनी प्रोसेसर किती गुंतला आहे, डिस्क किती धावते आहे, कुठले काम कशासाठी अडले आहे, हे लिहून ठेवायचे. रात्रपाळीच्या ऑपरेटरनेही न कुरकुरता लिहिले. महिन्याअखेरीस वही काय बोलली? दिवसा यंत्र चाळीस टक्क्यांच्या आसपास चाललेले असे. महिनाअखेरच्या दोन-तीन रात्री ते पंच्याऐंशीपर्यंत जाई. म्हणजे घरात धान्य कमी पडत नव्हते. वाढण्याचा क्रम चुकत होता.

आमच्या यंत्रावर प्रत्येक कामाला मानाचा एक आकडा असतो. आकडा जितका लहान तितका मान मोठा. पडद्यासमोर माणूस बसून जे काम करतो त्याला मुळातच २० आकडा मिळतो, कारण माणूस खोळंबून बसलेला असतो. मागच्या रांगेत लावून दिलेल्या कामाला ५०. पगाराचे काम रांगेतले, आणि त्या मुलाची क्वेरी पडद्यावरची. म्हणून तिला पंगतीत पहिले पान मिळाले आणि साडेपाचशे माणसांचा पगार दाराशी ताटकळत राहिला.

यावर उपाय सोपा होता. मोठ्या क्वेऱ्या पडद्यावर चालवायला बंदी केली. त्यांना वेगळी रांग आणि मेमरीचा वेगळा कप्पा दिला. पगाराच्या रात्री पगाराच्या कामाचा आकडा वर आणला. एक पैसा खर्च नाही, भाग एकही पाडला नाही. मार्चच्या ६ तारखेला पगाराचे काम पावणेदोन तासांत झाले. बँकेची पोच हातात आली तेव्हा मी डबा उघडून जेवले.

मालक खूश झाले. “म्हणजे पार्टिशन नकोच तर?”

मी म्हटले, “साहेब, पाच नकोत. पण एक हवं आहे. पगारासाठी नव्हे, जीएसटीसाठी.”

आता हे जरा नीट सांगते, कारण सगळी मेख इथेच आहे. जीएसटी लागू होणार होता १ जुलै २०१७ पासून. उत्पादन शुल्क, सेवा कर, व्हॅट सगळे जाऊन नवा कर येणार, चलनांचे रूप बदलणार, परराज्यात गेलेल्या मालाला एक कर आणि राज्यातल्या मालाला दोन वाटे. आमचे प्रोग्रॅम तारीख पाहून ठरवणार, की हे चलन जुन्या कराचे की नव्या. याची चाचणी घ्यायची तर यंत्राला मे महिन्यातच “आज १ जुलै आहे” असे सांगायला हवे. एखाद्या कामापुरती तारीख वेगळी देता येते. पण आमचे कितीतरी जुने प्रोग्रॅम थेट यंत्राचे घड्याळ बघत. आणि एका कार्यप्रणालीत घड्याळ एकच! ते पुढे सारले तर खऱ्या गाड्यांची खरी चलने जुलैच्या तारखेने निघाली असती. रांग बदलून, कप्पा बदलून हे सुटणारे नव्हते. एका घरात दोन घड्याळे हवी होती. म्हणजे वेगळी चूल हवीच.

दुसरे कारणही होते. कार्यप्रणालीच्या दुरुस्त्या घातल्या की यंत्र बंद करून पुन्हा उठवावे लागते. आमच्या भाषेत त्याला आयपीएल म्हणतात. (क्रिकेटचे नव्हे, बरं का!) दुरुस्ती घातल्यावर एखादा प्रोग्रॅम आडवा पडतो का, हे चालत्या संसारावर बघायचे, की बाजूच्या खोलीत आधी बघायचे? वेगळा भाग असला, की त्याला दिवसातून तीनदा उठवा-बसवा, उत्पादनाला पत्ताही लागत नाही.

मग वाटणी केली. चालू कामाला तीन कोर आणि ४६ जीबी, चाचणीच्या भागाला अर्धा कोर आणि १२ जीबी. बाकीचे हाताशी ठेवले. सगळे वाटून मोकळे होऊ नये, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. शिवाय हायपरव्हायजर स्वतःसाठीही थोडी मेमरी ठेवतो. प्रत्येक भागाला किमान, हवी तितकी आणि कमाल असे तीन आकडे लिहून द्यायचे असतात. कमाल आकडा “लिहून ठेवू मोठा, काय बिघडतं” म्हणून फुगवला, तर हायपरव्हायजर त्या हिशेबाने स्वतःची जागा अडवून बसतो. आणि किमान आकडा फार मोठा लिहिला, तर तेवढे मोकळे नसेल त्या दिवशी तो भाग उठतच नाही. पाहुणे येतील म्हणून दहा गाद्या अंथरून ठेवल्या तर घरच्यांना चालायला वाट उरत नाही, तसेच हे.

प्रोसेसरच्या बाबतीत आणखी एक ठरवावे लागते. शेजारच्याचा वाटा रिकामा पडला असेल तर तो वापरू द्यायचा की नाही? वापरू द्यायचा तर ओढाताण झाल्यावर कुणाला झुकते माप? त्याला ० ते २५५ असे वजन देता येते. चाचणीच्या भागाला मी आपल्या वाट्याबाहेर पाऊल टाकूच दिले नाही. चाचणी सावकाश झाली तरी चालते. पगार सावकाश झालेला चालत नाही.

एक काळजी मात्र मी हट्टाने घेतली. चाचणीसाठी खऱ्या माहितीची प्रत काढावी लागते. त्या प्रतीत कामगारांची नावे, पगार, बँकेचे खाते क्रमांक होते. ते सगळे बदलल्याशिवाय बाहेरच्या कुणालाही त्या भागात बसू दिले नाही. माळ्यावर सामान हलवताना कुणाचे दागिन्यांचे डबे उघडे टाकत नाही आपण.

आणि मिठाचे काय? सासूबाईंचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. दुसरी कार्यप्रणाली म्हणजे दुसऱ्यांदा दुरुस्त्या, दुसऱ्यांदा बॅकअप, दुसऱ्यांदा पासवर्ड आणि परवान्यांचा वेगळा हिशेब. सॉफ्टवेअर विकणारे कुणी यंत्रामागे पैसे घेतात, कुणी प्रोसेसरमागे, कुणी भागामागे. तेव्हा भाग पाडण्याआधी सगळे करार काढून वाचले. एका भागाचे हे एवढे. पाच पाडले असते तर आमच्या तीन माणसांच्या खात्यात एक ना धड भाराभर चिंध्या झाल्या असत्या.

मे आणि जून त्या मुलाने आणि आम्ही मिळून चाचणीच्या भागात काढले. तो मुलगा मुळात कष्टाळू होता, फक्त त्याला बसायला जागा दिलेली नव्हती. घड्याळ पुढे-मागे करून आम्ही शेकडो खोटी चलने काढली. जूनमध्ये निघून जुलैत परत आलेल्या मालाचे चलन चुकते आहे, हे तिथेच सापडले. १ जुलैला शनिवार होता. सकाळी पहिली गाडी नव्या चलनासह गेटबाहेर पडली आणि चहाच्या कपावरच्या आमच्या गप्पा खंडित झाल्या नाहीत. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखे एवढेच आहे, आणि तेच मला हवे होते.

दुसऱ्यांदा हा प्रश्न आला तो त्यानंतर दोन वर्षांनी. मालकांनी कोल्हापूरजवळ शिरोलीला एक लहान फौंड्री घेतली. तिचे हिशेबही आमच्याच यंत्रावर आले. लगेच सगळे म्हणू लागले, “त्यांना वेगळं पार्टिशन द्या.” मी विचारले, मालक तेच ना? सुट्टीचे दिवस, पगाराचे नियम, लेखापरीक्षक तेच ना? प्रोग्रॅम तेच ना? मग फायलींचा वेगळा कप्पा दिला आणि कुणाला काय दिसावे ते बांधून दिले. काम झाले. एका नव्या सुनेसाठी घराला दुसरा जिना काढायचा नसतो.

पण २०२१ साली त्या फौंड्रीत बाहेरचा भागीदार आला आणि ती वेगळी कंपनी झाली. तिचे लेखापरीक्षक वेगळे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “तुमच्या यंत्रावर सर्वाधिकार असलेला माणूस आमचे आकडे बघू शकतो का?” खरे उत्तर “हो” असेच होते. कप्पा कितीही कुलपात ठेवला तरी एका कार्यप्रणालीत मुख्य किल्ली एकाकडेच असते, आणि ती माझ्याकडे होती. त्या दिवशी मी एक क्षणही रेंगाळले नाही. त्यांना वेगळा भाग दिला, स्वतःच्या डिस्क, स्वतःचे नेटवर्क कार्ड आणि त्यांच्या माणसाच्या हाती त्यांची किल्ली. आमचे अडीच कोर राहिले, त्यांना एक, चाचणीला अर्धा. माझ्यावर त्यांचा अविश्वास होता म्हणून नव्हे. विश्वास असला तरी दुसऱ्याच्या तिजोरीची किल्ली आपल्या कमरेला नसावी, म्हणून.

हे सगळे वाचून कुणाला वाटेल, की भाग पाडले म्हणजे एक बुडाले तरी दुसरे तरेल. तसे मुळीच नाही. छप्पर एकच असते. २०२२ च्या उन्हाळ्यात सर्व्हर खोलीचे एसी बंद पडले तेव्हा तिन्ही भाग एकापाठोपाठ एक बंद करावे लागले. चाचणीच्या डिस्क आमच्या मुख्य भागाच्या आधाराने चालत, म्हणून आधी चाचणी, मग फौंड्री, शेवटी आम्ही. संकटासाठी हवे असते ते दुसऱ्या गावी दुसरे यंत्र, आणि टेपवरचा बॅकअप कारखान्याबाहेर. तो खर्च टाळायला पार्टिशन पाडा असे कुणी सांगितले, तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा.

आपल्यापैकी कित्येकजणी आज बँकांत, पतपेढ्यांत, दवाखान्यांत अशी यंत्रे सांभाळतात. कित्येकजणी घरच्या धंद्याचा हिशेब बघतात आणि यंत्र विकणाऱ्याशी बोलायची वेळ त्यांच्यावर येते. त्यांच्यासाठी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावरचे प्रश्न इथे उतरवून देते.

१) महिनाभराचे आकडे लिहून ठेवले आहेत का? पगार, महिनाअखेर, कराचे विवरणपत्र, हे सगळे एकदा तरी त्यात यायला हवे.

२) अडचण गर्दीची आहे की क्रमाची? क्रमाची असेल तर रांगा, मानाचे आकडे आणि मेमरीचे कप्पे आधी वापरून पाहावेत.

३) दोन्ही कामांना वेगळे घड्याळ, वेगळी कार्यप्रणालीची आवृत्ती, किंवा यंत्र बंद करून उठवण्याची वेगळी वेळ हवी आहे का? तर भाग पाडावा.

४) मुख्य किल्ली कायद्याने किंवा रीतीने दोन वेगळ्या हातांत असायला हवी का? तर भाग पाडावाच, आणि उशीर करू नये.

५) प्रत्येक भागाचे बॅकअप, दुरुस्त्या, परवाने सांभाळायला माणसे आहेत का? नसतील तर नाकापेक्षा मोती जड होईल.

६) वाटल्यानंतर हाताशी काही उरते का? उरत नसेल तर ती वाटणी टिकायची नाही.

२०२४ साली आमच्याकडे नवे यंत्र आले तेव्हा हेच सहा प्रश्न मी पुन्हा पहिल्यापासून विचारले. तीनच भाग ठेवले, पण वाटे बदलले. मुले मोठी झाली की खोल्यांची अदलाबदल करतो, तशी वाटणीही अधूनमधून पाहावी लागते. आता माझ्या हाताखाली दोन मुली तयार झाल्या आहेत. परवा त्यांतली एक म्हणाली, “मॅडम, रिपोर्टवाल्यांनी आज फार वैताग दिला. त्यांना वेगळंच करून टाकू या का?” मी तिच्यापुढे कोरी वही सरकवली आणि म्हटले, “आजची तारीख घाल. महिन्यानं बोलू.”